आडवाटेची शिदोरी



गेल्या चैत्रांत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. शाळेंत असतां फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचें काम त्याच्याकडे असे. अक्षरें अशीं वळणदार, कीं मुलें सुविचार वाचीत नसत, अक्षरेंच पाहत राहत. त्याला चित्रकलेच्या शाळेंत जावयाचें होतें. त्याच्या वडिलांनीं माझा सल्ला घेतला, आणि चित्रांनीं पोट भरत नाहीं, मुलाला वाणिज्य शाखेंत घाला, असें मीं सांगितलें. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पदवीचें मोल मला फार वाटे. मुलगा पदवीधर झाला, एका दुकानांत हिशेब लिहूं लागला, पुढें औषधांचा फिरता विक्रेता झाला. आतां तिशी ओलांडल्यावर जाहिरातींचा मजकूर लिहावा असें त्याच्या मनानें घेतलें आहे. त्यानें मला एवढेंच विचारलें, "गुरुजी, माझीं दहा वर्षें फुकट गेलीं का?"

त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

वैद्यकी, वकिली, शिक्षकी या धंद्यांना वेस आहे. परीक्षा दिली, दाखला मिळाला, कीं वेशींतून आंत जातां येतें. जाहिरातीच्या धंद्यासाठींहि कलाशाळा आहेत, अभ्यासक्रम आहेत. परंतु भलत्याच वाटेनें येऊन येथें मोठे झालेले लोक पुष्कळ आढळतात. याचें कारण त्या कामाच्या स्वरूपांतच आहे. जाहिरात करणारास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : विकावयाच्या वस्तूंत काय आहे, आणि घेणाराच्या मनांत काय आहे. या दोहोंची एका वाक्यानें वा एका चित्रानें गांठ घालणें, हें तिसरें काम. वस्तूची माहिती अभ्यासानें मिळते, गांठ घालणें सरावानें साधतें. घेणाराचें मन मात्र माणसांत वावरूनच कळतें.

डेव्हिड ऑगिल्वी यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९११ सालीं इंग्लंडांत त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्ति मिळवून ते ऑक्सफर्डला गेले, आणि १९३१ सालीं पदवी न घेतांच तेथून बाहेर पडले. पुढें पॅरिस येथील मॅजेस्टिक हॉटेलाच्या मुदपाकखान्यांत ते राबूं लागले. तेथून परतले ते स्कॉटलंडांत दारोदार हिंडून आगा नांवाच्या चुली विकावयास. १९३५ सालीं, या चुली कशा विकाव्या याची एक पुस्तिका त्यांनीं इतर विक्रेत्यांसाठीं लिहिली. त्याच सुमारास, थोरला भाऊ ज्या संस्थेंत होता त्या लंडनच्या जाहिरातसंस्थेंत त्यांचा प्रवेश झाला. येथें त्यांची वाट सरळ झाली असें कोणासहि वाटेल. पण १९३८ सालीं ते अमेरिकेंत गेले आणि जॉर्ज गॅलप यांच्या लोकमत अजमावणाऱ्या संस्थेंत लागले. कोणत्या नटाच्या नांवावर प्रेक्षक चित्रपटास येतील, हें अंदाजानें न ठरवितां प्रेक्षकांनाच विचारून ठरविण्याचें तें काम. महायुद्धाच्या काळांत त्यांनीं ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यांत काम केलें. युद्धानंतर पेनसिल्व्हेनियांत आमिश पंथाच्या शेतकऱ्यांच्या शेजारीं शेती करून पाहिली. तींत पोट भरण्याचें चिन्ह दिसेना. अखेर १९४८ सालीं, वयाचीं सदतीस वर्षें उलटल्यावर, त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें आपली संस्था काढली.

आतां या आडवाटांचा हिशेब पाहूं. आपला धंदा कसा चालवावा हें सांगतांना १९६३ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं प्रथम त्या पॅरिसच्या मुदपाकखान्याचीच आठवण काढली. काम चोख कसें करून घ्यावें, हें ते तेथील मुख्य आचाऱ्याजवळ शिकले. ग्राहक कोणत्या शब्दानें दार उघडतो व कोणत्या शब्दानें लावून घेतो, हें त्यांना चुलींनीं शिकविलें. आपल्या मताहून लोकांचें मत वेगळें असूं शकतें, हें गॅलप यांच्याकडे उमगलें. पुढें रोल्स रॉइस मोटारीची जाहिरात त्यांच्याकडे आली, तेव्हां मोटारीसंबंधींचे कागद त्यांनीं तीन आठवडे वाचले. त्या वाचनांतून मथळा निघाला : ताशीं साठ मैलांच्या वेगानें जातांनाहि मोटारींत मोठा आवाज ऐकूं येतो तो विजेच्या घड्याळाचा. त्यांत मोटारीची स्तुति करणारें एकहि विशेषण नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

आपल्याकडचीं उदाहरणेंहि दूर नाहींत. जयपूरचे पीयूष पांडे राजस्थानकडून रणजी सामने खेळले, मग चहाची चव पारखण्याची नोकरी त्यांनीं केली. १९८२ सालीं सत्तावीस वर्षांचे असतां ते मुंबईस याच ऑगिल्वींच्या संस्थेंत आले, तेहि लेखक म्हणून नव्हे. ग्राहकांकडे ये-जा करण्याच्या कामावर. फेविकॉलच्या त्यांच्या एका जाहिरातींत माणसांनीं लगडलेली बस खडबडीत रस्त्यानें जाते आणि कोणीहि पडत नाहीं. ती बस कचेरींत बसून सुचणारी नव्हे. ती गांवाकडच्या रस्त्यावर पाहिलेली असावी लागते. २०२५ सालीं ते निवर्तले. आपले कवि अरुण कोलटकर १९४९ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, पदविका हातीं आली ती १९५७ सालीं. पुढें जाहिरातींचें कलादिग्दर्शन हीच त्यांची उपजीविका झाली.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. वाट वांकडी असणें हा कांहीं गुण नव्हे. पुष्कळ माणसें दहा धंदे करतात आणि दहांतूनहि रिकाम्या हातानें बाहेर पडतात. चुली अनेकांनीं विकल्या. त्या कशा विकल्या हें लिहून ठेवणारा विरळा. मुक्काम किती झाले याला महत्त्व नाहीं. प्रत्येक मुक्कामीं शिदोरींत काय बांधलें, याला आहे. शिवाय भावाच्या ओळखीचा आधार सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. ज्याच्या घरीं लहान मुलें आहेत त्यानें हातची नोकरी एकदम सोडूं नये. रात्रीचा एक तास काढावा, माहितीची एक वस्तु घ्यावी, तिच्यासाठीं वीस मथळे लिहावे, एकोणीस फाडावे. असे पंचवीस-तीस नमुने जमले म्हणजे ते घेऊन दार ठोठवावें. या धंद्यांत दाखल्यापेक्षां नमुना अधिक बोलतो.

माझी चूक मला आतां दिसते. वाणिज्य शाखा सुचविली ही ती चूक नव्हे. मुलाला काय हवें हें मीं विचारलेंच नाहीं, ही चूक. त्याचीं दहा वर्षें फुकट गेलीं कीं नाहीं, हें त्यानें त्या वर्षांत काय पाहिलें यावर अवलंबून आहे, आणि तें मला ठाऊक नव्हतें. म्हणून मीं त्याला पत्र लिहिलें : औषधाची गरज असूनहि दुकानदार "आज नको" म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत काय असतें, तें लिहून पाठव.

गेल्या आठवड्यांत उत्तर आलें. आठ पानें आहेत. अक्षर अजून तसेंच वळणदार आहे. परंतु या वेळीं मीं अक्षर पाहत बसलों नाहीं. मजकूर वाचीत गेलों, आणि आठवें पान संपलें तेव्हां नववें असावयास हवें होतें असें वाटलें.