मनाच्या आजाराला मेडिक्लेम

गैरसमज: मानसिक आजार मेडिक्लेममध्ये बसत नाहीत.

बसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा मे 2018 पासून लागू आहे. शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यावा, असं त्याचं कलम 21(4) सांगतं. कंपन्यांनी मात्र चालढकल केली. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कंपनीला, तिने नाकारलेल्या दाव्याचे पैसे द्यायला लावले. ऑक्टोबर 2022 मध्ये विमा नियामकालाही सगळ्यांना पुन्हा बजावावं लागलं.

गैरसमज: अशी समानता आली की लोक उठसूट समुपदेशकाकडे जातील आणि हप्ते भडकतील.

ही भीती अमेरिकेत तपासून झाली आहे. तिथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात जानेवारी 2001 पासून मानसिक उपचारांना समान दर्जा मिळाला. संशोधकांनी अशा सात योजना घेऊन समानता नसलेल्या योजनांशी त्यांची तुलना केली. उपचार घेणारे वाढले होते, पण ते दोन्हीकडे जवळपास सारखेच. समानतेमुळे झालेली खर्चवाढ एकाही योजनेत दिसली नाही. तीन योजनांत तर खर्च घटला. रुग्णाच्या खिशावरचा भार सातपैकी पाच योजनांत हलका झाला. एक गोष्ट नोंदवायला हवी: कोणाला किती उपचार द्यायचे यावर तिथल्या कंपन्यांची बारीक नजर होती. म्हणजे दार उघडलं, पण दारवान उभाच होता.

गैरसमज: आता सगळा खर्च कंपनी देईल.

इथे खरी मेख आहे. आपल्याकडचा बहुतेक मेडिक्लेम रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतो. नैराश्याचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. त्याचा पैसा जातो तो डॉक्टरांच्या फीमध्ये, दर महिन्याच्या गोळ्यांत, समुपदेशनात. मधुमेह्याच्या गोळ्यांनाही विमा मिळत नाही, म्हणून कागदावर समानता पाळली जाते. माझ्या मते ही पळवाटच आहे.

गैरसमज: प्रस्ताव-अर्जात जुना आजार लपवलेला बरा.

मुळीच नाही. लपवाछपवी हे दावा फेटाळण्याचं आयतं कारण ठरतं. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

पॉलिसी घेताना ओपीडी खर्च मिळतो का, हे लेखी विचारा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.