मागच्या तारखेची चिठ्ठी

२००३-०४ च्या सुमारास आमच्या वॉर्डात तेवीस वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. वृषणात गाठ होती आणि लाजेपोटी त्याने ती आठ महिने कुणाला दाखवली नव्हती. तोवर आजार फुप्फुसांत पोहोचला होता. केमोथेरपीचे नाव काढताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. तेव्हा मी त्याला लान्स आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. त्या काळी आम्ही बरेच डॉक्टर ती सांगायचो.

गोष्ट होतीच तशी. ऑक्टोबर १९९६ मध्ये, पंचविशीत, या अमेरिकन सायकलपटूला हाच कर्करोग निघाला. तो पोट, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरला होता. शस्त्रक्रिया झाल्या, सिस्प्लॅटिनवर आधारलेली केमोथेरपी झाली. फुप्फुसांना इजा करू शकणारे एक नेहमीचे औषध त्याच्या खेळाचा विचार करून डॉक्टरांनी टाळले. त्यानंतर १९९९ पासून २००५ पर्यंत त्याने 'टूर द फ्रान्स' ही तीन आठवड्यांची शर्यत सलग सात वेळा जिंकली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजक-विरोधी संस्थेने हजारावर पानांचे पुरावे जाहीर केले. २६ जणांच्या साक्षी होत्या, त्यांत ११ त्याच्याच संघातले सायकलपटू. सातही विजेतेपदे गेली. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रेसमोर बसून त्याने कबूल केले की सातही वेळा त्याने औषधे घेतली होती.

यातले मुख्य औषध आमच्या डायलिसिस विभागात रोज वापरले जाते. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ. निरोगी मूत्रपिंड हे संप्रेरक स्वतःच बनवते आणि ते हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी तयार करायला लावते. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ते इंजेक्शनने द्यावे लागते. धडधाकट माणसाने घेतले तर रक्तात तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. रक्त दाट होऊन गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

सगळेच घेत होते, मग फसवणूक कसली, हा त्याचा युक्तिवाद. 'फसवणूक' शब्दाचा अर्थ आपण शब्दकोशात पाहिला, असेही त्याने त्या मुलाखतीत सांगितले. डॉक्टर म्हणून मला हा युक्तिवाद पटत नाही. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) ५० टक्क्यांच्या वर गेले तर शर्यतीत उतरता येणार नाही, असा सायकलिंग महासंघाचा नियम होता. ज्याचे प्रमाण मुळात ४२ आहे त्याला औषधाने आठ अंकांची मुभा मिळते. ज्याचे जन्मतः ४८ आहे त्याला दोनच. औषध सगळ्यांनी घेतले म्हणून मैदान सपाट होत नाही.

अशा माणसाला व्यक्तिमत्त्वविकाराचे एखादे लेबल लावायचा मोह होतो. न तपासलेल्या माणसाचे निदान वर्तमानपत्रातून करू नये, असे मला वाटते. पण त्याच्या वागण्याची पद्धत कागदोपत्री आहे आणि तिच्याबद्दल बोलता येते. १९९९ मध्ये क्रिस्तोफ बासाँ या फ्रेंच खेळाडूने वर्तमानपत्रातून उत्तेजकांवर लिहिले. आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याला गाठून घरी जा म्हणून सुनावले. २००४ मध्ये फिलिपो सिमेओनी या इटालियन खेळाडूचे तर हसेच केले. सिमेओनी एकूण वेळेत त्याच्या दोन तासांहून अधिक मागे होता, म्हणजे स्पर्धेच्या दृष्टीने कुणीच नव्हता. पण त्याने डॉक्टर मिकेले फेरारींविरुद्ध साक्ष दिली होती. तो पुढच्या गटाकडे निघताच पिवळ्या जर्सीतला विजेता स्वतः त्याच्या मागे धावला, त्याला परत यायला लावले आणि कॅमेऱ्यासमोर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. फेरारी म्हणजे तेच, ज्यांना आर्मस्ट्राँगने दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक डॉलर दिल्याचे पुढे पुराव्यात आले.

संघातल्यांना मात्र रस्त्यावर सुनवावे लागत नसे. ख्रिश्चन वँडे वेल्डेने साक्षीत सांगितले की २००२ मध्ये आर्मस्ट्राँगने त्याला घरी बोलावले, फेरारीही तिथे होते. संघात राहायचे तर डॉक्टरांचा कार्यक्रम नीट पाळावा लागेल, एवढेच सांगण्यात आले. डेव्हिड झाब्रिस्कीची हकिगत मला जास्त अस्वस्थ करते. त्याचे वडील व्यसनांत गेले होते आणि सायकल हा त्याचा त्यातून सुटण्याचा रस्ता होता. संघाच्या संचालकाने इंजेक्शनांचा विषय काढला तेव्हा त्याने आधी शंका विचारल्या. शेवटी घेतले.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने मनाची टोचणी बंद करण्याच्या युक्त्यांचा अभ्यास केला. कृत्याला सौम्य नाव द्यायचे, सगळेच करतात म्हणायचे, जबाबदारी वरच्यावर टाकायची, बोलणाऱ्यालाच दोषी ठरवायचे. आर्मस्ट्राँगच्या संघात या चारही दिसतात.

आणि डॉक्टर दिसतात. १९९९ च्या शर्यतीत त्याच्या लघवीत स्टिरॉइडचा अंश सापडला. खोगिराच्या घर्षणाने झालेल्या जखमेवरचे मलम म्हणून मागच्या तारखेची चिठ्ठी हजर करण्यात आली आणि प्रकरण मिटले. संघाची मसाज करणारी आयरिश बाई, एमा ओ'रायली, त्या खोलीत होती. तिने पुढे हे सांगितले तेव्हा तिची बदनामी झाली. ते खरे होते, हे त्याने २०१३ मध्ये मान्य केले.

त्या चिठ्ठीपाशी मी थांबतो, कारण तशी एक माझ्याही हातची आहे. हाउसमन असताना एका रात्री रुग्ण बघायला वरिष्ठांना दोन तास उशीर झाला. सकाळी त्यांनी केस पेपर माझ्यापुढे सरकवला. "वेळ जरा नीट लिही." मी लिहिली. त्यांनी धमकी दिली नव्हती. उलट माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी ते रात्रभर थांबले होते, म्हणूनच माझा हात इतक्या सहज चालला. रात्रपाळीच्या सिस्टरांनी मात्र आपल्या रजिस्टरमधली वेळ बदलली नाही. त्यानंतर वॉर्डात त्यांच्याशी कुणी धड बोलेना. मीही नाही. रुग्ण वाचला, चौकशी झाली नाही, आणि त्या सिस्टरांची माफी मागायचे राहूनच गेले.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. मध्यंतरी रक्तदाब दाखवायला आला होता, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी.

"साहेब, तुमच्या त्या सायकलवाल्याचं काय झालं हो?"

मी थोडक्यात सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला.

"पण साहेब, मला दिलेलं इंजेक्शन तेच होतं ना?"

"सिस्प्लॅटिन? हो, तेच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बाही वर करून हात पुढे केला.