‘सातपट’ आणि ‘सहापट अधिक’ : समरूप त्रिकोणांच्या गुणकाविषयी

दोन त्रिकोण समरूप असता त्यांच्या संगत बाजूंचे गुणोत्तर स्थिर राहते. एक त्रिकोण दुसऱ्याच्या किती पट आहे हे सांगणारा गुणक तो हाच. व्याख्येत अवघड असे काही नाही. अडचण येते ती ‘कशाच्या किती पट’ या प्रश्नाशी, आणि ती बव्हंशी भाषेची असते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) छायाव्यवहाराचे एक उदाहरण पाहावे. दिव्याची उंची साडेतीन हात. दिव्याचा तळ व शंकू यांमधील अंतर तीन हात. शंकू बारा अंगुलांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा. शंकूची छाया किती? दिव्यापासून शंकूच्या माथ्यावरून येणारा किरण भूमीस मिळतो तेथे छायेचे टोक. त्या टोकाशी समान कोन असलेले दोन काटकोन त्रिकोण होतात : शंकूचा लहान व दिव्याचा मोठा. उंचीशी उंची जुळविली की गुणक ७ येतो. परंतु दिलेले तीन हात ही मोठ्या त्रिकोणाची संपूर्ण भुजा नव्हे. तीत छाया मिळवावयाची आहे. छायेची सातपट म्हणजे तीन हात आणि छाया. अर्थात तीन हात ही छायेची सहापट, व छाया अर्धा हात किंवा १२ अंगुले. तीनास सातांनी भागणाऱ्याचा भागाकार बिनचूक असतो, चुकते ती संगती. भास्कराचार्यांची रीत दिव्याच्या उंचीतून शंकू आधीच वजा करते, म्हणून तीत ६ हाच गुणक सरळ लाभतो.

‘दिवा शंकूच्या सातपट उंच आहे’ व ‘दिवा शंकूहून सहापट अधिक उंच आहे’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्यात षष्ठी पूर्ण मापाची तुलना करते. दुसऱ्यात ‘-हून’ व ‘अधिक’ मिळून केवळ फरक मोजतात. बोलण्यात मात्र ‘सातपट अधिक’ हे ‘सातपट’ याच अर्थी सर्रास येते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी मराठीशेजारी उर्दू व तेलुगूही नांदतात. तेथे ‘सात गुना’ आणि ‘एडु रेट्लु’ यांनीही हाच गुणक व्यक्त होतो, आणि उर्दूतील ‘सात गुना ज़्यादा’ तितकेच संदिग्ध आहे. शिक्षकाने अशा वेळी शब्द न सुधारता आधी आकृतीतील भुजा दाखवावयास सांगावी, हे बरे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत गुणकाचा वर्ग घ्यावयाचा असल्याने मोठा त्रिकोण लहानाच्या ४९ पट होतो. दिवा व शंकू यांमधील समलंब चौकोन मात्र ४८ पटच भरतो.