धुऱ्यावरची भरमार

दिवाळीच्या आगेमागे गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात हलका धान कापणीला येतो, भारी धान मात्र अजून बांध्यांत उभा असतो. रानडुकरांचे कळप याच दिवसांत रात्री उतरतात. डुक्कर खातं त्याहून जास्त लोळवतं, आणि चिखलात आडवी झालेली लोंबी परत उभी राहत नाही. नागझिऱ्याचं जंगल इथून जवळ. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, जंगल राखलं गेलं, हे चांगलंच झालं. पण ज्याच्या धुऱ्याला जंगल लागून आहे त्याला माळ्यावर जागलीला जावंच लागतं. सोबत टॉर्च, वाजवायला डबा, थोडे फटाके आणि एखाद्याच घरी भरमार.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक: एक लांब नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप आणि नळीखाली खोचलेला गज. नक्षली कारवायांच्या बातम्यांमुळे गोंदिया-गडचिरोलीबाहेरच्या वाचकाला हा शब्द फक्त जप्तीच्या यादीतला वाटतो. शेतकऱ्याच्या हातातली परवान्याची भरमार ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात तयार काडतूस घालता येत नाही. प्रत्येक बार नव्याने, हाताने भरावा लागतो.

भरताना घाई चालत नाही. घोडा अर्ध्यावर ठेवायचा, तोंड माणसांपासून दूर धरायचं, मग ठरलेल्या मापाची बारूद नळीत सोडायची. त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. ठिणगी पाडणारी टोपी सर्वांत शेवटी, तीही बार काढायची वेळ आल्यावरच. जाणत्या माणसाच्या गजावर खुणा केलेल्या असतात. एक खूण रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. गज आत सोडला की खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती वर राहिली तर बोळा मध्येच अडकला आहे, नाहीतर कुणी आधीच भरून ठेवली आहे. बारूद आणि छर्ऱ्यांच्या मध्ये पोकळी राहिली की नळी फाटू शकते, आणि फाटते ती भरणाऱ्याच्या हाताजवळ. म्हणून एका बंदुकीला भरणारा एकच असावा, आणि त्याने भरताना कुणाशी बोलू नये. बारुदीची खोड या पट्ट्याला सांगायला नको. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगार दगावले.

काळ्या बारुदीची राख दमट हवेतलं पाणी ओढून घेते. रात्री बार काढला आणि नळी तशीच ठेवली तर गंज धरायला वेळ लागत नाही. गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेलाचा हात द्यायचा. बहुतेक रात्री बंदुकीचं काम आवाजाचंच असतं. छर्रे न घालता काढलेला बारसुद्धा कळपाला उठवायला पुरतो.

पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरांसाठी हाताने बार भरायची दुसरी एक मोठी परंपरा अमेरिकेत आहे. तिथल्या कुरणांत बिळं करणारे वुडचक आणि प्रेअरी डॉग लांबून टिपण्यासाठी हौशी नेमबाजांनी घरच्या टेबलावर काडतुसं घडवली. वापरलेलं पितळी कवच घ्यायचं, साच्यात दाबून त्याची मान अरुंद करायची, नवी टोपी बसवायची, बारूद तोलून भरायची आणि वर बारीक गोळी बसवायची. कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा काडतुसाला तिथे 'वाइल्डकॅट' म्हणतात. .२५० सॅव्हेजची मान आवळून .२२ ची गोळी बसवलेलं .२२-२५० हे असंच वर्षानुवर्षं घरगुती राहिलं. १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. त्याआधी, १९५० साली, याच हौशी मंडळींसाठी रेमिंग्टनने .२२२ काढलं होतं: छोटं, अचूक आणि अतिशय वेगवान.

या .२२२ चं पुढे जे झालं ते आपल्या दारापर्यंत आलं. अमेरिकी सैन्याला हलकी रायफल हवी होती, म्हणून ते काडतूस थोडं लांबवलं. त्यातून .२२३ आणि लष्करी ५.५६ मिलिमीटर तयार झालं. आपली इन्सास रायफल ५.५६ चंच काडतूस घेते, आणि ते जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव आयुध निर्माणीत बनतं. कारगिलमध्ये इन्सास होती, पुढे ती पोलिसांच्याही खांद्यावर आली. शेतातली बिळं करणारी जनावरं मारायला जन्मलेल्या काडतुसाचा वंशज आज सैन्याचा आहे आणि सामान्य माणसाला तो बाळगायला बंदी आहे. डुकरांशी ज्याची खरोखर गाठ आहे, त्याच्या हाती ठासणीची नळी.

हे कायद्यातच लिहिलेलं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. त्याच कलमात रायफल क्लबच्या सदस्याला निशाणबाजीसाठी .२२ रायफल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच बोअरच्या रायफलने. शेतासाठी गुळगुळीत नळी ठरवण्यात मला शहाणपण दिसतं. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडच्या माळ्यावर बसलेल्या माणसापर्यंत जाऊ शकते. छर्रे लवकर खाली येतात.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी होत नाही. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २०१५ च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हे दोन्ही कागद वेळेत हाती येत नाहीत तिथे काही लोक धुऱ्यावर विजेची उघडी तार सोडतात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसंही. भरमारीमागे निदान एक माणूस असतो, जो अंधारात पाहून, खात्री करून चाप ओढतो आणि ज्याचं नाव परवान्यावर असतं. माझ्या मते प्रशासनाने असा माणूस शोधून त्याला भरायला, साफ ठेवायला आणि न झाडायला शिकवावं. ते तारांचे पंचनामे करत बसण्यापेक्षा सोपं आहे.

दुसरी अडचण तारखांची आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. कुणाची घ्यायची ते छाननी समिती ठरवते. विधानसभेचं मतदान २००९ साली १३ ऑक्टोबरला झालं, २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. चारही वेळा आचारसंहितेच्या काळात बांध्यांत धान उभा होता. पीकरक्षणाच्या परवान्यांचा विचार त्या समितीने कापणीचं वेळापत्रक समोर ठेवून करावा, एवढी मागणी गोरेगावच्या शेतकऱ्याने आतापासूनच लेखी देऊन ठेवायला हवी.