रुमालांतली पेशवाई

पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या एका दगडी इमारतीत पेशवाईचा हिशेब ठेवलेला आहे. सरकार-दरबारी तिचे नाव पुणे पुराभिलेखागार. अभ्यासक मात्र अजूनही ‘पेशवे दफ्तर’च म्हणतात. रुमालांची संख्या 35 ते 40 हजारांच्या घरात. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. आत पुडकी, पुडक्यांत लांबट बंद आणि त्यांवर बोरूने एकटाकी ओढलेली मोडी. यादीत घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास, पागा, पथके, जमाव अशी नावे दिसतात. वाचायला घ्यावे तर पहिल्या दिवशी चार ओळी लागल्या तरी पुष्कळ झाले.

या कागदांचा शत्रू कोण, असे विचारले की वाळवी आणि कसर ही नावे पुढे येतात. पण दफ्तराची हकिगत पाहिली तर किड्यांचा वाटा माणसांपेक्षा थोडाच भरेल. नाना फडणिसांच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून होते आणि मुलखाच्या कोपऱ्यातली जमाही तिथे येऊन मिळत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही घडी पार विस्कटली. कारकुनांचा ताफा मोडला, नोंदी थांबल्या. कोणी कागद घरी नेले तरी विचारणारा उरला नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या वतीने एल्फिन्स्टनने कॅप्टन मॅक्लिऑड या अधिकाऱ्याकडे दफ्तर सोपवले, तेव्हा आधी हा पसारा गोळा करण्याचेच काम होते.

इंग्रजांनी तो गोळा केला आणि नीट राखला, हे खरे. पण त्यामागे इतिहासप्रेम शोधू नये. कोणाचे गाव इनाम, कोणाला किती वर्षासन, कोणाची सनद खरी आणि कोणाची बनावट, हे ठरवायला या नोंदी लागत होत्या. इनाम कमिशनला 1852 साली कायद्याचे बळ मिळाले आणि सनदा दफ्तराशी ताडून हजारो इनामे खालसा झाली. ज्या कागदांनी अनेक घराण्यांची उपजीविका गेली, ते कागद त्या उपयोगामुळेच वाचले. पुढे याच कामासाठी थाटलेल्या कचेरीला एलिअनेशन ऑफिस म्हणू लागले. पुण्याच्या जुन्या पिढीला ते नाव चांगले ठाऊक होते.

कागद राखले, पण दारही राखले. जुन्या नोंदींतून नवे दावे उभे राहतील या धास्तीने सरकार संशोधकांना सहज आत घेत नसे. मग इतिहासाचे कागद बाहेरच शोधावे लागले. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव, वाडोवाडी फिरून, माळ्यावरची आणि कोनाड्यांतली दफ्तरे उघडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये काढला; पुढे खंड बावीस झाले. पारसनिसांच्या हाती नाना फडणिसांचे मेणवलीचे दफ्तर आले. सरकारी दफ्तरातून बाहेर आले ते राव बहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी केलेले रोजनिशीतले उतारे. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचे महत्त्व तेव्हाच ओळखले होते. लढाया आणि तह यांपलीकडे रयतेचे राज्य कसे चालत होते, ते या रोजनिशीत आहे, असा त्यांचा रोख होता.

खरे दार उघडले 1929 नंतर. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहणारे गोविंद सखाराम सरदेसाई तेव्हा चौसष्टीच्या पुढे होते. इतिहासकार यदुनाथ सरकारांचा आग्रह आणि मुंबई सरकारची मंजुरी यांतून दफ्तरातले कागद निवडून छापण्याचे काम त्यांच्याकडे आले. हाताखाली मोडी जाणणारी माणसे घेऊन त्यांनी रुमालांमागून रुमाल सोडले आणि 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे 45 खंड छापून घेतले. आज एवढ्या कामासाठी नुसती समिती नेमायलाच तितका वेळ लागेल.

फाटका कागद छापणे सोपे नसते. कोपरा गेला की नाव जाते, घडीवर चिरला की नेमका आकडा जातो. संपादकाने तिथे टिंबे द्यायची. मनाने शब्द भरायचे नाहीत, मग वाक्य कितीही उघड दिसो. त्यावर कालनिर्णयाचे संकट. पत्राला चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि महिना असतो, ‘छ 14 रबिलाखर’ असा. वर्ष मात्र पुष्कळदा नसतेच. असलेच तर सुहूर सन अरबी अंकनामांत: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161, म्हणजे पानिपताचे साल. तेही मृगापासून मृगापर्यंत. वर्ष नसेल तर पत्रातल्या माणसांवरून, मुक्कामावरून, पावसापाण्यावरून ते ठरवायचे आणि तारखांचा मेळ दाखवणारी मोडकांची जंत्री समोर ठेवून ताळा घ्यायचा. एक साल चुकले की मोहीमच दुसऱ्या वर्षात जाते.

प्रत्यक्ष कागदाची दुरुस्ती हे वेगळे कसब. पेशवेकालीन हातकागद चिंध्या-तागाच्या लगद्याचा, खळ देऊन घोटलेला. दमट हवेपासून जपला तर अडीचशे वर्षांनीही लवचिक राहतो. त्यावरची काजळाची शाई उन्हाला भीत नाही, पाण्याला भिते. म्हणून ओला उपचार करण्याआधी एका कोपऱ्यात थेंबभर पाणी टेकवून शाई फुटते का ते पाहतात. इंग्रजी अमदानीतल्या कागदांचे उलटे आहे: लोहयुक्त शाई अक्षराच्या जागी कागदच खाते आणि गिरणीचा आम्लधर्मी कागद पापडासारखा तुटतो. जुने तगते, नवे मोडते, हे पचवायला जरा जड जाते.

दुरुस्तीच्या पद्धतीही जुन्या होतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय, अॅसिटोन फिरवून, सेल्युलोज अॅसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद बसवण्याची रीत निघाली. यंत्र परवडत नसलेल्या देशाला ती वरदानच वाटली. पुढे कळले की पापुद्राही झिजतो आणि काढणे जिकिरीचे असते. आता कल पातळ टिश्यू आणि खळीकडे आहे. नंतर कोणाला सोडवायचे झाले तर सोडवता येईल असे काही.

सरदेसायांच्या खंडांनी एक गोष्ट मात्र नकळत केली. त्यांनी निवडले ते मुख्यतः राजकारण: पानिपत, वसईची मोहीम, रघुनाथरावाची कारस्थाने. वेळ थोडा आणि ढीग मोठा असताना ते साहजिकच होते. पण छापले तेवढेच दफ्तर, अशी समजूत होऊन बसली. रुमालांचा मोठा भाग जमाखर्चाचा आहे. धान्याचे भाव, घोड्याची वैरण, देवस्थानांचे नेमणूक-खर्च, वेठीची कामे, जातगोतांचे तंटे, गुन्हेगारी हे सारे तिथे आहे. अ. रा. कुलकर्णी किंवा जपानचे हिरोयुकी कोतानी यांच्यासारख्यांनी मराठी समाजाचा वेगळा इतिहास लिहिला तो असल्या कागदांच्या बळावर. रस नसलेल्या आकड्यांत रस घ्यायला मोडी यावी लागते, आणि तिथेच अभ्यासक गळतात.

अलीकडे पुराभिलेख विभाग कागदांची छायाचित्रे काढून संगणकावर ठेवू लागला आहे. याने हाताळणी कमी होईल, हे निश्चित. पण छायाचित्राला आपला मजकूर ठाऊक नसतो. रुमालाचा क्रमांक टाकला की रुमाल दिसतो, त्यात गाव कोणते हे कोणीतरी वाचून लिहिल्याशिवाय कळत नाही. मोडी वाचकांची टंचाई एकदम जाणवली ती 2023 मध्ये. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि तहसील कचेऱ्यांत जुनी मोडी दफ्तरे उघडावी लागली. पुन्हा हक्क सिद्ध करायचा होता, म्हणून कागद हवे होते. विभागाचे मोडीचे वर्ग याआधीही चालतच होते; आता त्यांना गर्दी होऊ लागली. तिथे शिकणाऱ्यांतले काही जण जातीची नोंद शोधायचे काम संपल्यावर जमाखर्चाकडे वळले, तर वाचायला रुमाल भरपूर आहेत.