घर, वारसा आणि म्हातारपणाचा खर्च : पेठ वडगावच्या निमित्ताने सात दशकांचा मागोवा

वृद्ध माणसाच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च शेवटी कोणाच्या मिळकतीतून निघावा, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या रीतीने सोडवला आहे. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी योजनेतून शुश्रूषागृहाचा खर्च भागवला गेला असेल, तर १९९३ च्या केंद्रीय कायद्यानुसार ५५ वर्षांवरील लाभार्थीच्या मृत्यूनंतर तो खर्च त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीतून, म्हणजे बहुधा राहत्या घरातून, वसूल करणे राज्यांवर बंधनकारक आहे. ही वसुली टाळण्यासाठी घर आधीच मुलांच्या नावे केले असल्यास अर्जापूर्वीच्या ६० महिन्यांतील असे व्यवहार तपासले जातात. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मत्ता असणाऱ्याला निवासी शुश्रूषेचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि जोडीदार त्या घरात राहत नसेल तर घराची किंमतही बहुधा त्या मत्तेत धरली जाते. हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावच्या कोणत्याही घरावर सरकार असा दावा सांगत नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली राज्याची आरोग्य योजना, किंवा ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ मध्ये खुली झालेली आयुष्मान भारत योजना, रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते आणि रुग्णाच्या मिळकतीकडे नंतर वळत नाही. मात्र अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षांची सेवा या योजनांत बसत नाही, तो भार कुटुंबावरच राहतो. त्यामुळे येथे घर गमावण्याचा धोका सरकारी वसुलीतून येत नाही. सेवेच्या भरवशावर घरातल्याच माणसाला करून दिलेल्या दस्तातून तो येतो.

या भरवशाला पूर्वी एक निश्चित रूप होते. पेठ वडगाव १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होते, आणि त्यानंतर मुंबई प्रांताचा भाग झाले. राज्यव्यवस्था बदलली तरी शेतकरी आणि व्यापारी कुटुंबांतील वाटणीची रीत लगेच बदलली नाही. भावांत वाटणी होताना आईवडिलांसाठी काही जमीन किंवा घराचा काही भाग तहहयात, म्हणजे ते जिवंत असेपर्यंत, पोटगीदाखल बाजूला ठेवला जाई, आणि विधवेला चोळी-बांगडीसाठी म्हणून थोडी जमीन लावून दिली जाई. या रीतीत विधवेवर अन्याय होता, कारण तिला उत्पन्न खाता येई, मालकी मिळत नसे. तरीही तिच्यामागचा विचार पक्का होता: निर्वाहाची जबाबदारी माणसाच्या सद्भावनेवर न सोडता ती मिळकतीच्या एका तुकड्याला बांधून ठेवायची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीवर तिला पूर्ण मालकी दिली, आणि तुलसम्मा खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निर्वाहाच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेली मिळकत, दस्तात मर्यादा घातलेली असली तरी, तिच्या पूर्ण मालकीची होते. पोटगीची जमीन घेतलेल्या अनेक विधवांना या निकालाने मालक केले, ही त्या काळातील फार मोठी गोष्ट होती.

आईवडिलांच्या पोषणाचे कर्तव्य मात्र कायद्याने वेगळ्या वाटेने नेले. १९५६ च्याच हिंदू दत्तक आणि निर्वाह अधिनियमाच्या कलम २० ने वृद्ध आईवडिलांचे पोषण मुलगा आणि मुलगी या दोघांवर बंधनकारक केले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची वाट दिली, आणि १९८७ मध्ये कल्याणमधील एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही हे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. पण कलम १२५ खाली मिळणारी रक्कम २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नव्हती. शिवाय हे कायदे अर्जदार स्वतःच्या कमाईतून किंवा मिळकतीतून निर्वाह करू शकत नाही ना, हे आधी पाहतात. ज्याच्या नावे राहते घर आहे पण हातात रोकड नाही अशा म्हाताऱ्याची यात ओढाताण होते, कारण त्या घरातून दरमहा औषधांचे पैसे निघत नाहीत, आणि ते विकले तर डोक्यावरचे छप्पर जाते. घर असणे आणि निर्वाहाचे साधन असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे कायद्याने फार उशिरा आणि तेही अर्धवट ओळखले.

दरम्यान घराची किंमत बदलत गेली. पेठ वडगाव ही मुळात बाजारपेठ, जनावरांच्या बाजारासाठी ओळखली जाणारी. पुणे-बंगळूर महामार्गावरील वाठार तिच्या जवळ असल्याने तो रस्ता चौपदरी झाल्यावर या परिसरातील जागेला पूर्वी नव्हते ते मोल आले. त्याच सुमारास वारसांची संख्याही वाढली, कारण महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. मुलींना हक्क मिळाला हे सर्वथा योग्य झाले, पण त्याला उत्तर म्हणून कुटुंबांत दोन दस्तांचे महत्त्व वाढले. पहिला हक्कसोडपत्र, ज्यात वडिलांच्या मृत्यूनंतर आई आणि बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून देतात. दुसरा बक्षीसपत्र, ज्यात मालक जिवंतपणीच मोबदला न घेता मिळकत देऊन टाकतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राने पती, पत्नी, मुले, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी यांना दिलेल्या निवासी वा शेतमिळकतीच्या बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये केले. या सवलतीने कुटुंबांचा खर्च वाचला, पण ज्या सहीने वृद्धाचा एकमेव आधार कायमचा दुसऱ्याच्या हाती जातो ती सहीही तेवढीच स्वस्त झाली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे नोंदवलेले आणि स्वीकारलेले बक्षीसपत्र, फसवणुकीसारखे कारण किंवा आधी ठरलेली अट नसेल तर, मालकाला एकतर्फी रद्द करता येत नाही. ही गोष्ट सही करणाऱ्याला नेहमी कोणी समजावून सांगतेच असे नाही.

घर स्वतःकडे ठेवून त्यातूनच म्हातारपणाचा खर्च काढण्याचा एक मार्ग २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने सुचवला. रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे उलट तारण कर्ज, असे त्याचे नाव असून त्यात ६० वर्षांवरील घरमालकाला बँक घर तारण ठेवून ठरावीक हप्त्यांनी पैसे देते, मालक व त्याचा जोडीदार हयात असेपर्यंत त्यांना घराबाहेर काढत नाही, आणि दोघांच्या मृत्यूनंतर वारसांना कर्ज फेडून घर राखण्याची पहिली संधी देते. अमेरिकी वसुलीशी या योजनेचे थोडे साम्य आहे, पण येथे मालक आपल्या मर्जीने घर खर्ची घालतो. मात्र राष्ट्रीय आवास बँकेच्या नियमांना स्वकष्टार्जित, स्वतःच्या राहण्याचे आणि निर्वेध मालकीचे घर हवे असते. ज्या जुन्या पेठेतील घरे आजोबांच्या नावावरून अजून उतरलेली नाहीत, किंवा मिळकत पत्रिकेवर, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकीनोंदीवर, चार भावांची नावे एकत्र आहेत, त्या पेठेला ही योजना जवळपास बंदच राहिली.

खरा बदल आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्याने झाला, जो महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याने दिवाणी दाव्याऐवजी न्यायाधिकरण दिले, आणि ते काम उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या प्रांतांकडे, सोपवले. पेठ वडगावच्या रहिवाशाला त्यासाठी इचलकरंजीच्या प्रांत कार्यालयात जावे लागते. निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल आज या रकमेत भागत नाही, हे या कायद्याचे सर्वांत मोठे अपुरेपण. ज्याला मूलबाळ नाही त्याला, त्याची मिळकत पुढे ज्याला मिळायची त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. वारसा हवा असेल तर सेवा आधी, हे जुन्या पोटगीतले तत्त्व येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत कायद्यात आले.

घराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कलम २३. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने मूलभूत सोयी व गरजा पुरवण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने त्या पुरवल्या नाहीत, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. या कलमाचे पुढचे सगळे भवितव्य ‘अटीवर’ या शब्दाभोवती फिरत राहिले. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ रोजी निर्णय दिला की आईने मुलींना करून दिलेल्या हक्कसोडपत्रात सेवेची अट नव्हती आणि ती असल्याचे सिद्धही झाले नाही, म्हणून कलम २३ लागू होत नाही. मुलांनी सांभाळणे अपेक्षितच असते एवढ्यावर अट गृहीत धरता येत नाही. कायद्याच्या शब्दांशी हा निकाल प्रामाणिक होता, पण विश्वासाने कोरा दस्त करून दिलेल्या असंख्य आईवडिलांना त्याने उघड्यावर टाकले. २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या निकालाने दिलासा दिला. मध्य प्रदेशातील त्या प्रकरणात बक्षीसपत्र झाले त्याच दिवशी मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्रही लिहून दिल्याचे आईचे म्हणणे होते; कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे सांगून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकते हे स्पष्ट केले. या दोन निकालांत विरोध दिसतो तो वरवरचा आहे, कारण दोन्हींत निर्णायक ठरला तो लिहून ठेवलेल्या, किंवा न ठेवलेल्या, शब्दाचा पुरावा.

सुनेच्या हक्काचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. मुलाशी वाद झाला म्हणून सुनेला घराबाहेर काढण्यासाठी या कायद्याचा वापर होऊ लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला मिळालेल्या निवासाच्या हक्काचा मेळ घालूनच निर्णय द्यावा, असे बजावले.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते पीठ, कोल्हापुरात बसू लागल्याने प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्या आदेशाविरुद्धची रिट याचिका आता मुंबईला न जाता तेथेच दाखल होते, आणि वृद्ध पक्षकाराचा प्रवास त्यामुळे बराच वाचला आहे. तरीही न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ नये यासाठीचे उपाय अधिक साधे आहेत. मृत्युपत्र मालकाला हयातीत केव्हाही बदलता येते, त्याला दोन साक्षीदार पुरतात आणि त्याची नोंदणी ऐच्छिक आहे, म्हणून जिथे घाई नाही तिथे बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्रच घर आणि वारसा या दोन्हींचे अधिक चांगले रक्षण करते. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचेच असेल, तर त्यात देणाऱ्याचा आणि त्याच्या जोडीदाराचा घरात तहहयात राहण्याचा हक्क, औषधपाण्याची व शुश्रूषेची जबाबदारी, आणि ती न पाळल्यास दस्त रद्द होईल ही अट, या तीन गोष्टी स्वच्छ शब्दांत लिहून घेतल्याशिवाय पेठ वडगावातील किंवा अन्य कोठल्याही आईवडिलांनी त्यावर सही करू नये, आणि दस्त लिहिणाऱ्या वकिलांनी त्या विचारल्याखेरीज मसुदा पुढे ठेवू नये.