नंबर काढला म्हणजे डोळे तपासले का?

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून देणाऱ्याला आपण सहज ‘डॉक्टर’ म्हणतो. बहुतेकदा तो डॉक्टर नसतो. नेत्ररोगतज्ज्ञ एमबीबीएसनंतर डोळ्यांचं पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि वैद्यक परिषदेकडे नोंदलेला असतो. शस्त्रक्रिया त्यानेच करायची. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, नंबर काढतो, शंका आली तर डॉक्टरकडे पाठवतो. ऑप्टिशियन त्या नंबरप्रमाणे चष्मा बनवून देतो.

‘भिंतीवर सरकारी कागद आहे, म्हणजे माणूस शिकलेला असणार,’ हा दुसरा गैरसमज. तो कागद बहुधा गुमास्त्याचा, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा असतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाने व्यवसाय सुरू केल्याची नुसती सूचना दिली तरी पुरते. तपासणाऱ्याच्या शिक्षणाशी त्या कागदाचा काही संबंध नाही. शिक्षणाचा विचार केला तो संसदेने २०२१मध्ये केलेल्या, सहाय्यक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने. त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश आहे, राज्य परिषदांकडे नोंदणीची तरतूद आहे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण ठरवलं आहे. म्हणून ‘तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठे?’ असं विचारायला अजिबात संकोचू नये.

सर्वांत घातक समज मात्र कायद्याबाहेरचा आहे: ‘खालची ओळ वाचली, डोळे ठणठणीत.’ काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. तो आधी कडेची नजर खातो, समोरची अक्षरं स्पष्टच दिसत राहतात, आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने पडद्यावर होणारे बदलही सुरुवातीला जाणवत नाहीत. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा स्वतःला मधुमेह असेल, तर दुकानातल्या तपासणीवर थांबणं धोक्याचं आहे. डोळ्यातला दाब आणि पडदा तपासून घ्यायलाच हवा.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सला नंबर नसला, तरी ती बुबुळावरच बसते. अस्वच्छ हातांनी लावली किंवा नळाच्या पाण्यात धुतली, तर नजर जाण्याइतका संसर्ग होऊ शकतो. तिला टिकलीसारखी नटण्याची वस्तू समजू नये.

आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी? नंबर चुकीचा बसवलेला चष्मा हा सदोष माल आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत दिली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा.